भुताचा आरपीजी पहिल्यांदा चालवायचाय? पडदा, फासे, मेणबत्त्या आणि चार झेरॉक्स

रातकिडा

मंडळी, गेल्या वर्षभरात दोनदा भुताचा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) चालवला. एकदा सपशेल आपटलो, एकदा बऱ्यापैकी जमला. दोन्ही वेळचा हिशोब इथे मांडतोय, कारण महिन्याआड कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतंच, "काय काय विकत घेऊ आणि कुठल्या साहसापासून सुरुवात करू?"

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्टर, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. खेळायच्या कथानकाला साहस म्हणतात. मी चालवला तो 'कॉल ऑफ क्थुलू'. १९८१ चा खेळ, केऑसियम कंपनीचा, सँडी पीटरसनने रचलेला. सध्या सातवी आवृत्ती चालू आहे. यात गेममास्टरला कीपर म्हणतात. पात्रं साधी माणसं असतात: १९२० च्या दशकातले पत्रकार, प्राध्यापक, डॉक्टर, भाड्याने मिळणारे गुप्तहेर. कौशल्यं टक्क्यांत. 'ग्रंथालयात शोध' साठ असेल तर शंभराच्या फाशांवर साठ किंवा त्याखाली पडायला हवं. एवढं कळलं की नियमांचे बारा आणे झाले.

आता पहिल्या वेळचा खर्च. चार घड्यांचा पडदा (गेममास्टरने आपल्यासमोर उभा करायचा पुठ्ठा) घेतला. धातूचे फासे घेतले, जे आमच्या काचेच्या टीपॉयवर असे वाजायचे की बायको आतून विचारायची, काय फुटलं? बॅटरीवर चालणाऱ्या डझनभर मेणबत्त्या. एक नकाशा, त्यावर ठेवायला छोट्या मूर्ती. लांडग्यांच्या आवाजाची प्लेलिस्ट. आणि साहस मात्र स्वतः लिहिलेलं, अकरा पानी, ज्यात सात खलनायक होते. खेळाडू पहिले दोन तास त्या गावच्या बाजारात घासाघीस करत बसले. शेवटी कसेबसे तळघरात उतरले, मी आवाज खाली आणला, आणि स्पीकरवर आईचा फोन वाजला. रिंगटोन गणपतीच्या आरतीची. त्यानंतर भूत काय करणार, कपाळ?

दुसऱ्या वेळी काहीच नवीन घेतलं नाही. केऑसियमचं 'क्विक-स्टार्ट' फुकट उतरवता येतं, त्यात 'द हाँटिंग' नावाचं साहस आहे. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ते चालत आलंय, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. (इथून पुढे ज्यांना खेळाडू म्हणून खेळायचंय त्यांनी वाचू नये.) बॉस्टन, १९२०. नॉट नावाचा घरमालक येतो. त्याच्या घरात भाडेकरू टिकत नाहीत. शेवटच्या कुटुंबाचं फार वाईट झालं. जाऊन बघा, किल्ली ही घ्या. बस. एक घर, एक गिऱ्हाईक, एक प्रश्न.

खेळाडू हुशार असतील तर घरात शिरण्याआधी वर्तमानपत्राच्या कचेरीत, ग्रंथालयात, कोर्टात जातात. तिथे त्यांच्या हातात कात्रणं पडतात. घर १८३५ मध्ये एका व्यापाऱ्याने बांधलं, लगेच आजारी पडला, कॉर्बिट नावाच्या माणसाला विकलं. १८५२ मध्ये शेजाऱ्यांनी या कॉर्बिटला हुसकावण्यासाठी दावा लावला. १८६६ मध्ये तो मेला, आणि मृत्युपत्रात लिहून गेला की मला माझ्याच तळघरात पुरा. त्यावरून आणखी एक दावा. ही चार कात्रणं मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढली, कोऱ्या चहात बुडवली, गच्चीवर वाळवली.

आमच्यातला एक जण, जो पहिल्या वेळी सतत मोबाइल बघत होता, त्याने १८६६ चं कात्रण मोठ्याने वाचायला घेतलं. "तळघरात" या शब्दावर थांबला. मग मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग १८५२ चं मागून घेतलं. टेबलावर कुणी बोलेना. एका पानाला दोन रुपये. पडद्याच्या किमतीत अशी किती कात्रणं आली असती ते मी मोजलं नाही, मोजवत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: नवीन गेममास्टरने टेबलावर काय मांडायचं याचा विचार कमी करावा, खेळाडूंच्या हातात काय द्यायचं याचा जास्त. सांगितलेलं लोक विसरतात. हातातला कागद तेच उलटून पालटून बघतात आणि स्वतःच स्वतःला घाबरवतात.

तुमचे अनुभव लिहा. शिव्याही चालतील.

वीस_पैलू

धागा आवडला, निष्कर्ष अर्धाच पटला. पडद्यावर राग का? तुम्ही तो फासे लपवायला वापरला असणार. पडद्याचा खरा उपयोग आतल्या बाजूला असतो. कीपरच्या बाजूने सगळे तक्ते छापलेले असतात, पुस्तक उघडायला लागत नाही. भयकथेत पुस्तक उघडून पानं चाळणं म्हणजे कीर्तनात मध्येच चष्मा शोधणं. शिवाय सातव्या आवृत्तीच्या कीपर स्क्रीन पॅकमध्ये पडद्यासोबत दोन साहसं येतात, 'ब्लॅकवॉटर क्रीक' आणि 'मिस्ड ड्यूज'. म्हणजे नुसता पुठ्ठा नाही तो.

फासे मात्र मी नेहमी उघड्यावर टाकतो. भुताच्या खेळात गेममास्टरने दया दाखवली अशी शंका आली की भीती संपली.

(परदेशातून मागवणाऱ्यांनो, कस्टम ड्यूटी आधी बघा. माझा पॅक आला तेव्हा पोस्टमनने सांगितलेला आकडा हेच पहिलं भय होतं.)

रातकिडा

@वीस_पैलू, तक्त्यांचं मान्य. पण पहिल्या खेळाला लागणारे तक्ते एका पानावर मावतात: कौशल्यांच्या अर्ध्या आणि पाचव्या हिश्श्याचे आकडे, शुद्धी (पात्राच्या मानसिक तोलाचे अंक) गमावली की काय, मार किती. मी ते हाताने लिहून काढले, लिहिता लिहिता पाठ झाले. उघड्या फाशांबद्दल सहमत.

खडीसाखर

मी उलट बाजूने आले. मला खेळवायलाच कुणी नव्हतं. २०१९ मध्ये आलेला 'कॉल ऑफ क्थुलू'चा स्टार्टर सेट भावाने दिला. त्यातलं पहिलं पुस्तक, 'अलोन अगेन्स्ट द फ्लेम्स', एकटीने खेळायचं आहे. "हे केलंत तर अमुक परिच्छेदावर जा" असं. पात्र आधी बनवायचं नसतं, गोष्ट पुढे जाता जाता बनतं, त्यामुळे नियम शिकवले जातायत हे कळतही नाही. मी पुणे-मुंबई जाता-येता खेळले. पहिल्यांदा लोणावळ्याच्या आत मेले.

मग त्याच डब्यातलं 'पेपर चेस' नवऱ्याबरोबर. एक कीपर, एक खेळाडू, बस. एका माणसाचा काका वर्षभर बेपत्ता आहे आणि आता घरातून फक्त काकाची आवडती पुस्तकं चोरीला जातायत. इतकं साधं, इतकं हळवं भूत-प्रकरण मी दुसरं पाहिलं नाही. नवऱ्याने बंदूक काढलीच नाही, शेवटी नुसतं बोलत बसला. ज्यांना पाच माणसं जमवता येत नाहीत (म्हणजे पस्तिशीनंतर सगळेच) त्यांनी इथून सुरू करावं.

रातकिडा, तुमच्या कागदांत एक सुधारणा. चहात बुडवायचा असेल तर लेझरचा किंवा झेरॉक्सचा प्रिंट घ्या. घरच्या इंकजेटची शाई वाहते. मी एकदा आख्खी डायरी धुऊन काढली. आणि बुडवण्याआधी कडा हाताने फाडा, कात्रीची सरळ रेघ लगेच खोटी दिसते. अर्धवट ओला असताना सुती कापडाखाली इस्त्री फिरवली की कागद कुरकुरीत होतो.

दीड_शहाणा

म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली. चालू द्या.

खडीसाखर

@दीड_शहाणा, हो. भातुकलीत तुम्हाला कुणी घेत नव्हतं का?

बारोव्हियाचा_तलाठी

+१ खडीसाखर.

सगळे क्थुलूवरच बोलतायत म्हणून डी अँड डीवाल्यांची ('डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांची) बाजू. 'कर्स ऑफ स्ट्राड' २०१६ मध्ये आलं, मूळ रॅव्हनलॉफ्ट १९८३ चं, ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवराबायकोने लिहिलेलं. त्याच्या सुरुवातीला 'डेथ हाऊस' म्हणून छोटं साहस आहे, पहिल्या पातळीच्या पात्रांसाठी. धुक्यात दोन मुलं रस्त्यावर उभी, आमच्या घरात राक्षस आहे म्हणतात. घरापर्यंतचं वातावरण एक नंबर. पण बजावून ठेवतो: तळघरात गेल्यावर हे घर नवख्या पात्रांना अक्षरशः चिरडतं. नवीन गेममास्टर ते छापील तसं चालवतो, सगळे मरतात, आणि पुढच्या शनिवारी कुणाला बरं नसतं तर कुणाच्या घरी पाहुणे. शेवटच्या लढाईतला प्राणी थोडा नरम करा किंवा पळायची वाट आधीच दिसू द्या.

खरी सांगायची गोष्ट पत्त्यांची. टॅरोका नावाचा ५४ पत्त्यांचा जोड आहे. गोष्टीतली एक म्हातारी भविष्य सांगते, तेव्हा गेममास्टर खरोखर पत्ते पिसून मांडतो, आणि जे पत्ते पडतील त्यावर तलवार कुठे, मदतनीस कोण, खलनायक स्ट्राड शेवटी कुठे भेटणार हे ठरतं. म्हणजे ही वस्तू शोभेची नाही, गोष्टीचं यंत्रच आहे ते. मी मांडले तेव्हा मलाही माहीत नव्हतं काय निघणार. एवढ्या वर्षांत माझा हात थरथरलेला तो एकच प्रसंग. तो जोड नसेल तर साध्या पत्त्यांवर चालवायची सोयही पुस्तकात दिलीय.

एखादी वस्तू घ्यावी का याची माझी कसोटी ही: ती नसेल तर खेळ बदलतो का? मूर्तीने बदलत नाही. पत्त्यांनी बदलतो.

रातकिडा

@तलाठी, ही कसोटी मी चोरतोय.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. आमच्या इथे मराठी मंडळातल्या चार घरांचा गट आहे, मुलं झोपली की खेळतो. तलाठ्यांच्या कसोटीवर शंभर टक्के उतरणारा खेळ म्हणजे 'ड्रेड'. यात फासेच नाहीत. टेबलाच्या मध्यभागी जेंगाचा मनोरा. काही अवघड करायचं असेल तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की ज्याच्या हातून पडला त्याचं पात्र गोष्टीतून गेलं. इतकंच. नियम सांगायला दोन मिनिटं. पहिल्या तासात लोक हसतखेळत ठोकळे काढतात, दुसऱ्या तासात कुणी टेबलाला टेकलं तरी बाकीचे ओरडतात. आमच्या वहिनींनी, ज्या असल्या खेळांना नाक मुरडायच्या, एका ठोकळ्यासाठी चार मिनिटं श्वास रोखला होता.

पात्रं प्रश्नावलीतून बनतात. "तू बहिणीला ते पत्र का दाखवलं नाहीस?" असे प्रश्न. उत्तर दिलं की पात्र तयार, आणि गेममास्टरला दारूगोळाही. पुस्तकात तयार साहसं आहेत, त्यांतलं जंगलातल्या सहलीचं, पौर्णिमेचं, पहिल्या खेळाला उत्तम.

तयारीला वेळच नसेल आणि आजच्या काळातलं हवं असेल तर 'डेल्टा ग्रीन'. त्याचं 'नीड टू नो' फुकट मिळतं, त्यात 'लास्ट थिंग्ज लास्ट' आहे. सरकारी गुप्त गटातला एक म्हातारा एजंट वारला, त्याच्या घरातून आपल्या कामाचं काही बाहेर पडणार नाही एवढं बघायचं. मेलेल्या माणसाचं घर आवरणं. आम्ही सगळे इथे, आईवडील तिकडे. तो खेळ आमच्याकडे ठरल्यापेक्षा शांत झाला. जास्त लिहीत नाही.

साबुदाणा

मेणबत्त्यांचा विषय निघालाच आहे तर 'टेन कँडल्स'. खऱ्या दहा मेणबत्त्या लावायच्या, बाकी दिवे बंद. फासे फसले की एक मेणबत्ती विझते, सीन संपतो. शेवटची विझेपर्यंत सगळी पात्रं मरणार हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत. स्वतःच्या स्वभावाचे गुण कार्डांवर लिहायचे आणि वापरले की ते कार्ड खरंच जाळायचं. सुरुवातीला प्रत्येकाने पात्राच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड करायचा, शेवटी काळोखात तो ऐकायचा.

ऐकायला काव्य आहे. आता नागपुरात एप्रिलमध्ये करून बघा. नियम असा की मेणबत्ती कशानेही विझली तरी विझली, परत लावायची नाही. पंखा चालू केला, तीन एकदम गेल्या. म्हणजे आमच्या जगाचा अंत उषा कंपनीच्या पंख्याने झाला, राक्षसाला कामच उरलं नाही. पंखा बंद केला तर सहा माणसं, दहा ज्योती आणि खिडक्या बंद. अर्ध्या तासात एकाने पात्राऐवजी स्वतःच जीव सोडायची भाषा सुरू केली.

पुन्हा डिसेंबरात केला. काचेच्या छोट्या ग्लासांत मेणबत्त्या, खाली स्टीलचं ताट, कार्डं जाळायला जुनी कढई, शेजारी पाण्याची बादली. पडदे दूर बांधून ठेवले. मग जमलं, आणि खरंच जमलं. आमच्या पिढीने लोडशेडिंगमध्ये गच्चीवर भुताच्या गोष्टी ऐकल्यात, शरीराला तो अंधार आठवतो. शेवटी रेकॉर्डिंग वाजलं तेव्हा कुणी दिवा लावायला उठेना.

दीड_शहाणा

बादलीचं वाचून धीर आला.

निवांत

समुपदेशनाचं काम करते, म्हणून एक वस्तू सुचवते जिला खर्च शून्य. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर एक मोठी फुली, टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा. याला एक्स-कार्ड म्हणतात, जॉन स्टाव्रोपोलोसची कल्पना. खेळात काही नको वाटलं तर कार्डाला हात लावायचा. गेममास्टर तो भाग सोडून पुढे जातो. का, ते विचारायचं नाही.

लोक म्हणतात, भीतीच्या खेळात हे कशाला? माझा अनुभव उलटा आहे. थांबवता येतं हे माहीत असलं की लोक जास्त खोल जातात. शिवाय आपल्याकडे "काय घाबरतोस एवढ्याला" हा आग्रह फार. ज्याच्या घरात नुकतंच मूल गेलंय त्याच्यासमोर मुंजाची गोष्ट काढू नये, हे गेममास्टरला कसं कळणार?

दुसरं म्हणजे ते 'शुद्धी' प्रकरण. 'क्थुलू'त एका फटक्यात पाच किंवा जास्त अंक गेले तर बुद्धीचा फासा टाकतात, आणि तो यशस्वी झाला तर माणूस तात्पुरता भ्रमिष्ट होतो. कारण त्याला काय दिसलं ते कळलं. न कळलेला वाचतो. ही कल्पना म्हणून मला अप्रतिम वाटते. पण टेबलावर त्याचं वेडाचे झटके आणणारं नाटक होतं, ते बघवत नाही. मी खेळाडूला एवढंच विचारते, "आता तू कशाकडे बघायचं टाळतोस?" पुरतं.

मोडी_वाचक

मी 'द हाँटिंग' पुण्यात आणलं होतं. लिहीन लिहीन म्हणत टंकाळा केला, आता लिहितोच.

ऑगस्ट १९२० ठेवला. एक तारखेला टिळक गेले, सगळं गाव सुन्न, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत खेळाडू जिथे जातील तिथे "परवा या" म्हणायला मी मोकळा. बॉस्टनच्या वर्तमानपत्राच्या जागी 'ज्ञानप्रकाश', कारण ते १८४९ पासूनचं, जुन्या बातम्या निघू शकतात. ग्रंथालय म्हणून पुणे नगर वाचन मंदिर, तेही १८४८ चं. कागदपत्रांसाठी पेशवे दप्तर. आणि कुणाला तज्ज्ञ हवा असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळ, स्थापना १९१०, म्हणजे अगदी नवं, उत्साही. मूळ साहसातले सगळे दरवाजे पुण्यात सापडतात.

कागद मात्र मी मोडीत दिले. पात्रांना मोडी येते (१९२० साली कारकुनाच्या घरात कुणाला येत नव्हती?), पण खेळाडूंना येत नाही. म्हणून आधी मोडीचा कागद हातात. पाच मिनिटं बघू द्यायचं. मग फासा. यशस्वी झाला की देवनागरी नक्कल. नापास झाला तर नक्कल मिळते, पण दोन शब्दांच्या जागी टिंबं. त्या टिंबांत काय असेल यावर त्यांनी जे तर्क केले ते माझ्या मूळ मजकुरापेक्षा भयानक होते. मी गुपचूप एक तर्क उचलून खरा केला.

१८९७ च्या प्लेगमधला एक कागदही घातला. तेव्हा सोजिरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या होत्याच. माझ्या वाड्यात चौघे उतरले तळघरात, नोंदीत वर आलेले तीन. चौथ्याबद्दल एक ओळ नाही. ही अर्थात माझी लोणकढी.

वीस_पैलू

वाचक, दंडवत! पण मला पहिलीच अडचण दिसते. सगळी गोष्ट तळघरातल्या मढ्यावर उभी आहे. बॉस्टनला पुरतात. सदाशिव पेठेत पुरणार कोण? दहन झालं की तुमचा खलनायकच संपला.

मोडी_वाचक

तिथेच आठवडाभर अडलो होतो. सुटलं ते असं: संन्याशाला अग्नी देत नाहीत, समाधी देतात. माझ्या वाड्याच्या मालकाने म्हातारपणी स्वतःच संन्यास घेतला, कुठल्या गुरूकडून ते कुणालाच माहीत नाही, आणि जाताना सांगितलं की समाधी इथेच, तळघरात. शेजारी भडकले: एक तर हा संन्यासीच खोटा, त्यात राहत्या वाड्यात समाधी. दावा लागला. मूळ साहसातल्या १८६६ च्या दाव्याशी हे इतकं चपखल बसलं की मीच चकित झालो. आणि खेळाडूंपुढे एक नवी पंचाईत: समाधी फोडायची म्हणजे पाप, न फोडावी तर आणखी एक बिऱ्हाड मरणार. आमच्यातल्या एकाने आधी उपरणं गळ्यात घेऊन नमस्कार केला, मग पहार मारली.

रातकिडा

मूळ कात्रणांपेक्षा हे भारी आहे. पण नवीन माणसाला मी हेच सांगेन: आधी बॉस्टनला खेळा. काय कुठे जोडलंय ते एकदा चालवल्याशिवाय कळत नाही. वाचकांनी खलनायक बदलला, सांगाडा नाही, आणि सांगाडा कोणता ते त्यांना ठाऊक होतं. मी पहिल्या वेळी अकरा पानी बाजार लिहिला तो याच्या उलट.

काजूबी

सगळे पुण्यातच. कोकणात या.

माझा आवडता खेळ 'वेसेन'. स्वीडनचा, फ्री लीग कंपनीचा, २०२० चा. योहान एगरक्रान्स या चित्रकाराच्या लोककथांमधल्या भुतांच्या चित्रांवरून आलेला. एकोणिसाव्या शतकातलं उत्तर, उप्सालातल्या एका जुन्या वास्तूत पात्रांचं ठाणं. सहा पैलूंचे मूठभर फासे, एक जरी सहा पडला तरी जमलं. कारखाने आले, आगगाडी आली, लोक जुने रिवाज विसरले आणि घराची, रानाची, पाण्याची भुतं बिथरली. त्यांना मारणं हा उपाय नसतो. काय चुकलं ते शोधायचं आणि ठरलेला विधी करायचा. वाचताना सारखं वाटत होतं, अरे, हे तर आमच्या गावचं. कुणीतरी राखण द्यायची विसरलंय, एवढीच तर गोष्ट असते.

मूळ पुस्तकातच 'द डान्स ऑफ ड्रीम्स' हे सुरुवातीचं साहस आहे, एका खाणावळीवजा पांथस्थगृहात. तेच आधी चालवलं, रातकिडा म्हणतात तसं. मग दुसऱ्या वेळी घाटातला बंगला, नवीन आलेला मुंबईचा मालक, त्याने तोडलेला पिंपळ. विधीच्या वेळी मी गाऱ्हाणं घातलं आणि खेळाडूंना सांगितलं, प्रत्येक वाक्यावर "होय महाराजा" म्हणायचं. कुणाला शिकवावं लागलं नाही. चौथ्या "होय महाराजा"ला माझ्याच अंगावर काटा.

एक विनंती मात्र. मागे कुणीतरी वेतोबाला राक्षस करून त्याच्या मारामारीचे आकडे लिहून पाठवले होते. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि कातड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात, तो रात्री गावची फेरी मारतो म्हणून झिजतात म्हणे. तो देव आहे, जिवंत पूजेतला. खेळात आणायचाच तर झिजलेल्या वहाणा दाखवा आणि पुढे जा. चकवा घ्या, हडळ घ्या, खवीस घ्या, त्यांची कमतरता नाही.

बारोव्हियाचा_तलाठी

"झिजलेल्या वहाणा दाखवा आणि पुढे जा" हे कुठल्याही गेममास्टरच्या पुस्तकात छापावं.

वीस_पैलू

हघ्या (हलके घ्या), पण देव असो की स्ट्राड, ज्याचे आकडे लिहिले त्याला खेळाडू मारणारच. म्हणून आकडे लिहूच नयेत, इथे काजूबीशी सहमत.

नवखी

तीन आठवड्यांपूर्वी हा धागा वाचून शनिवारी 'द हाँटिंग' चालवलं. चौघी मैत्रिणी आणि एकीचा धाकटा भाऊ. पडदा नव्हता, लग्नाच्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा उभा केला आणि आत एका पानावर तक्ते. फासे एकच जोड, फिरवून वापरला. खडीसाखर यांचं ऐकून लेझरचा प्रिंट, कडा फाडल्या. चहात साखर होती, त्यामुळे कागदांना रात्रभर मुंग्या.

चुका भरपूर. घरमालक नॉट मराठीत बोलताना मध्येच कोल्हापूरचा झाला, "काय बी करा पर घर मोकळं करा" म्हणाला, सगळे हसले. नंतर तोच आवडला, म्हणून तसाच ठेवला. त्या चौघी सरळ घरात शिरणार होत्या, कोर्टात जायला तयार नव्हत्या. तेव्हा मी नॉटकडूनच एक कात्रण देववलं, "हे आधीच्या भाडेकरूच्या खिशात होतं" म्हणून. मग गेल्या. वरच्या मजल्यावरच्या पलंगाने एकीला खिडकीतून बाहेर भिरकावलं तेव्हा भाऊ खुर्चीवर उभा राहिला.

फुलीचं कार्ड ठेवलं होतं. एकदाच वापरलं गेलं, उंदरांच्या वेळी. उंदीर काढून टाकले, काही अडलं नाही.

एक प्रश्न आहे. तळघरात उतरायच्या आधीच रात्रीचे साडेबारा झाले, म्हणून थांबलो. उरलेलं पुढच्या शनिवारी. निघताना भावाने १८६६ चं कात्रण मागितलं, मी दिलं. काल त्याच्या बहिणीचा फोन: तो ते उशीखाली ठेवून झोपतोय आणि दिवा मालवू देत नाही. पुढच्या शनिवारपर्यंत कागद परत मागू की राहू देऊ?

खडीसाखर

वय किती भावाचं?

नवखी

सव्वीस.

खडीसाखर

राहू दे.